एक वासा अंतर

"नॉव्हिस," मामा म्हणाला.

"इंटरमीडिएट," मी म्हणाले.

टेबलापलीकडच्या ताईंनी पेनचं टोपण काढलं होतं, ते परत लावलं. "आधी तुमचं दोघांचं ठरू दे," त्या म्हणाल्या. "मागं रांग आहे."

रांग होतीच. साताऱ्याबाहेर एका शाळेच्या डोंगरउतारावर डिस्क गोल्फची स्पर्धा होती, रविवारी. आम्ही शनिवारी दुपारीच पोचलो होतो. मी तेव्हा आठवीत. माझी ही पहिलीच स्पर्धा, आणि अजून एक डिस्कसुद्धा न फेकता आमचं भांडण सुरू झालं होतं.

डिस्क गोल्फ म्हणजे गोल्फच, फक्त चेंडूऐवजी तबकडी आणि भोकाऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली, वरून साखळ्या सोडलेली. लांबून फेकत फेकत यायचं आणि जितक्या कमी फेकींत डिस्क टोपलीत पडेल तितकं चांगलं. बस्स. वर्गात हे मी इतक्या वेळा समजावलंय की आता झोपेतसुद्धा सांगेन.

गट तीन होते. नॉव्हिस म्हणजे नवशिके. इंटरमीडिएट म्हणजे मधले. ओपन म्हणजे ती माणसं, ज्यांच्या पाठीवर डिस्कनी भरलेली दप्तरं असतात आणि जी गवताची काडी उडवून वाऱ्याकडे बघत मान हलवतात. वय, मुलगा-मुलगी असलं काही नाही. मैदान सगळ्यांना तेच, टोपल्या त्याच, बक्षीस मात्र आपापल्या गटात. आणि गट आपला आपण निवडायचा! मला तर हेच सगळ्यात आवडलं होतं. शाळेत तुकडी बाई ठरवतात, प्रार्थनेला उंचीप्रमाणे सर उभं करतात (मी कायम पहिली, म्हणजे सगळ्यात बुटकी), गॅदरिंगला झाड कोण आणि राजकन्या कोण तेही दुसरंच कुणीतरी ठरवतं. इथं पहिल्यांदा मला कुणीतरी विचारत होतं, की बाई गं, तू कशी खेळतेस ते तूच सांग. सांगायला तोंड उघडलं, तर मामा मध्ये.

दिगूमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. आधी बोटीवर होता. कुठल्याशा परदेशी बंदरात बोट अडकून पडली तेव्हा तो हा खेळ शिकला, आणि नोकरी सोडून हर्णैजवळच्या आमच्या गावी परत आल्यावर त्यानं पोफळीच्या बागेत नऊ टोपल्या उभ्या केल्या, सायकलच्या चेनी लावून. गाव हसलं. मी नाही हसले. मी पहिलीत होते आणि मला ती लाल डिस्क हवी होती. तेव्हापासून आम्ही रोज खेळतो. मी, मामा, आणि शेजारची दोन पोरं.

"घरी किती फेकी लागतात गं तुला?" ताईंनी विचारलं. त्या स्पर्धेच्या मुख्य होत्या, पल्लवीताई.

"पोफळीच्या बागेत नऊ टोपल्यांना सत्तावीस. फार तर अठ्ठावीस."

"पोफळीतून?" त्यांच्या भुवया टोपीत गेल्या. "मग इंटरमीडिएटमध्येच बस तू. एवढं खेळून नॉव्हिसमध्ये गेलीस तर लोक म्हणतील, कप उचलायला आली."

"बघ!" मी मामाला म्हणाले.

मामा खोकला. "पहिलीच वेळ आहे हो तिची."

"पहिली वेळ सगळ्यांनाच येते."

"आणि वारं आहे इथं. आमच्या बागेत वारं लागत नाही."

"वारं पण सगळ्यांनाच आहे की. इंटरमीडिएट लिहिते. उद्या सकाळी आठपर्यंत बदलता येईल. एकदा खेळ सुरू झाला की मात्र नाही."

बाजूला आल्यावर मी मामाला धरलंच. "का नॉव्हिस? कारण सांग."

"मी सांगतो म्हणून."

"हे कारण नाही."

"घाटात तुला उलटी झाली. अंगात ताकद नाही तुझ्या."

"ती उद्या येईल. मी मुलगी आहे म्हणून?"

"छे!"

"बुटकी आहे म्हणून?"

"बायो, बुटकेपणाचा इथं काय संबंध?"

"मग काय!"

मामा चपलेतला खडा काढायला खाली वाकला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. खडा काही दिसला नाही मला. शेवटी म्हणाला, "नॉव्हिसमध्ये कप मिळेल गो. मिळाला तर काय वाईट?"

माझं डोकंच फिरलं. इतकी वर्षं रोज शाळेतून आल्यावर याच माणसाबरोबर खेळले, यालाच निम्म्या वेळा हरवलं, आणि याला वाटतं की मी जिंकले तर नवशिक्यांतच जिंकेन! मी वर्गात सांगून आले होते, मी मधल्या गटात खेळणार. पण वर्गाचं जाऊ दे. मला स्वतःला कळायला हवं होतं, मी खरंच बरी खेळते की फक्त आमच्या बागेत बरी खेळते. आणि ते ज्याला नक्की माहीत असणार, तोच नॉव्हिस म्हणत होता. सगळ्यात जास्त ते लागलं मला.

सरावाला माझ्याबरोबर जुई रणदिवे आली. कोल्हापूरची, अकरावीतली, माझ्यापेक्षा हातभर उंच, खिशात भडंगाची पुडी. ती पण इंटरमीडिएटमध्येच होती. मामा मागून येत होता, हात पाठीमागे बांधून, देवदर्शनाला आल्यासारखा.

पहिली टोपली सिल्व्हर ओकच्या झाडांमधून होती. बाकीचे लोक त्या फटीकडे बघून कुरकुरत होते. मला तर घरी आल्यासारखं वाटलं. पोफळी यापेक्षा दाट असतात! मी मनगट वळवलं, डिस्क दोन खोडांमधून सुळकन गेली आणि थेट टोपलीच्या अंगणात जाऊन बसली.

"आयशप्पत!" जुई म्हणाली. "कुठं शिकलीस गं हे?"

"पोफळीत."

"म्हंजे अकॅडमी हाय काय?"

मी हसत हसत गेले, डिस्क उचलली आणि पुढच्या टोपलीकडे निघाले.

"ए! काय करालीस? टाक की."

"काय टाकू?"

"डिस्क. टोपलीत."

"वाशात आहे ना," मी म्हणाले.

"कशात?"

मला वाटलं, कोल्हापूरला दुसरा शब्द असेल. मी समजावून सांगितलं. टोपलीपासून एक वासा अंतर धरायचं. वासा म्हणजे तो मांडवाला लावतात तसला लांब बांबू. डिस्क त्याच्या आत पडली की 'वाशात!' असं ओरडायचं. मग ती झाली. शेवटची फेक मोजायची नाही, टाकायचीही नाही. एवढ्या जवळून काय, कुणीही टाकेल.

जुईनं भडंगाचा बोकणा गिळला. "आणि असं कुठं लिवलंय?"

"लिहिलंय कशाला? नियमच आहे."

"कुणाचा?"

मी मागं वळून मामाकडे बघितलं. मामा सिल्व्हर ओकच्या शेंड्याकडे बघत होता. शेंड्यावर काहीही नव्हतं, कावळासुद्धा.

आता कुणी म्हणेल, तू कधी व्हिडिओ नाही का बघितलेस? बघितले की! त्यात ती माणसं अगदी जवळूनसुद्धा टाकायची. मला वाटायचं, शूटिंग चाललंय म्हणून टाकतात. साखळ्यांचा आवाज छान येतो ना.

"बरं, टाकते," मी म्हणाले आणि परत येऊन टाकली. डिस्क टोपलीच्या कडेला लागून खाली. पुन्हा टाकली. साखळ्यांच्या वरून पलीकडे. तिसऱ्यांदा पडली. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन येण्याइतकं सोपं काम, आणि मी रस्त्यात दोनदा धडपडले.

"वारा हाय," जुई म्हणाली. चांगली मुलगी आहे ती. वारा नव्हता.

पुढच्या टोपलीला तेच. त्याच्या पुढच्याला तेच. लांबून अशी फेकायचे की शेजारच्या टोपलीवरची माणसं थांबून बघायची, आणि जवळ गेले की हाताचं लाकूड व्हायचं. माझी सत्तावीस म्हणजे खरी किती, ते मनात मोजायला लागले आणि मध्येच सोडून दिलं. प्रत्येक टोपलीला एक जास्त, कधी दोन, कधी तीन. इतकी वर्षं मोजलेलं सगळंच चुकीचं होतं.

सहाव्या टोपलीला मी डिस्क फेकली नाही, आपटली. "मी जरा आलेच," जुई म्हणाली आणि शहाण्यासारखी बूट बांधायला लांब जाऊन बसली.

"तुला माहीत होतं," मी मामाला म्हणाले.

मामानं मी आपटलेली डिस्क उचलली आणि शर्टाला पुसली.

"बोटीवरून शिकून आलास ना? तिथं होता वासा?"

"नव्हता."

"मग आपल्याकडे कुठून आला?"

"मीच ठेवला," मामा म्हणाला. "तू लहान होतीस. टोपली तुझ्या डोक्यापेक्षा उंच. टाकायचीस, ती पडायची नाही, की भोकाड. असली रडायचीस की तुझी आई घरातून ओरडायची, दिग्या, पोरीला काय केलंस! एकदा तर जेवलीच नाहीस. मग मी मांडवाचा वासा आणून टोपलीपाशी आडवा टाकला. म्हटलं, याच्या आत आली की झाली बायो. तू जी खूश झालीस! शेजारची पोरं म्हणाली, हिलाच का? मग त्यांनाही दिला. मग म्हटलं, मीही तसाच खेळतो."

"मी पहिलीत होते तेव्हा! आता आठवीत आहे."

"हो."

"मध्ये काढायचा होतास ना."

"काढणार होतो," मामा म्हणाला. "दर वर्षी म्हणायचो, यंदा काढू. पण तू सत्तावीस म्हणून ओरडत घरी पळायचीस. कसं सांगू?"

"म्हणून नॉव्हिस?"

"म्हणून नॉव्हिस."

म्हणजे मी मुलगी म्हणून नाही, बुटकी म्हणून नाही. याला माझा खरा खेळ माहीत होता आणि तो एकट्यालाच माहीत होता. मला इतका राग आला की रडूसुद्धा आलं नाही. मारकुट्या माणसावर रागावता येतं. लाड करणाऱ्यावर रागवायचं तर कुठून धरायचं?

संध्याकाळी आम्ही उतरलो होतो त्या खोलीवर मी मामाशी बोलले नाही. जेवताना त्यानं स्वतःच्या ताटातला पापड माझ्या ताटात ठेवला. मी तो परत ठेवला. त्यानं पुन्हा ठेवला. मी खाल्ला, पण बोलले नाही.

सकाळी मैदानावर पोचलो तेव्हा पल्लवीताई टेबल मांडत होत्या. मी चालत होते, मामा दोन पावलं मागं. मी मनात सगळं तयार केलं होतं. तो नॉव्हिस म्हणणार, मग मी असं म्हणणार, मग तो तसं, मग मी तर असं म्हणणार की त्याला बोलायला जागाच नाही.

टेबलापाशी मामा थांबला. "मी काही म्हणत नाही," तो म्हणाला. "तू ठरव."

आणि खरंच लांब जाऊन कठड्यावर बसला.

हे काय! भांडायला कमरेला पदर खोचून यावं आणि समोरच्यानं दार लावून घ्यावं, तसं झालं. कालपासून मी इंटरमीडिएट म्हणत होते ते मामा नॉव्हिस म्हणत होता म्हणून की काय? आता तो काहीच म्हणत नव्हता, आणि माझ्या तोंडातून एकही नाव निघेना.

जुई पाण्याची बाटली भरत होती. मी तिच्याकडे गेले. "खरं सांग. मी कुठल्या गटातली?"

"लांबचं फेकणं माझ्यापेक्षा भारी. जवळचं..." तिनं जरा विचार केला. "अंगणवाडी."

"मग कुठं जाऊ?"

"तिकडं गेलीस तर लांबच्या फेकींवरच सगळ्यांना झोपवशील. बिचारी माणसं पहिल्यांदा आल्यात, काहींना डिस्क सरळ पण जाईना. इकडं आलीस तर आम्ही तुला झोपवू." ती हसली. "कुठं झोपायचं ते बघ."

"आठ वाजायला आले गं," ताईंनी हाक मारली. "बदलायचंय का काही?"

टेबलामागं फळीवर कप मांडले होते. नॉव्हिसचा कप सगळ्यात बुटका, पण चकचकीत. तो माझ्या कपाटावर कसा दिसेल ते मला एका क्षणात दिसलं. आईनं त्याच्यापुढे निरांजनसुद्धा लावलं असतं. मग कुणीतरी विचारलं असतं, कशी जिंकलीस गं? आणि मी सांगितलं असतं, लांबून. आणि मामानं चपलेतला खडा काढला असता.

"नाही बदलायचं," मी म्हणाले.

मग मी खेळले. वाईट खेळले! म्हणजे लांबून अशी सुरेख, की एकत्र खेळणाऱ्या आमच्या चौघांतले दोन्ही दादा मान डोलवायचे, आणि जवळ आले की ते दुसरीकडे बघायचे, कुणाच्या घरातलं भांडण कानावर पडावं तसे. ज्यांच्याबरोबर खेळतो त्यांनीच एकमेकांच्या फेकी लिहायच्या असतात. आमचं कार्ड जुईकडे होतं. प्रत्येक टोपलीला ती माझ्याकडे बघायची, आणि आपला आकडा मी तोंडानं सांगायचा. चार. पाच. चार. पाच.

बारावी टोपली उताराच्या अगदी कडेला होती. दोन फेकींत मी तिच्याजवळ पोचले. अंतर एका वाशापेक्षाही कमी. टाकली. कडेला लागली, उभी राहिली आणि चाकासारखी घरंगळत उतारावरून खाली गेली. खाली उतरले, वर फेकली. पुन्हा जवळ. पुन्हा टाकली. पुन्हा घरंगळली. आता डोळ्यांसमोर टोपली दोन दोन दिसायला लागली. मी रडत होते. हळू नाही, चांगली हुंदके देऊन, पहिलीतल्यासारखी, एवढ्या सगळ्या लोकांसमोर.

प्रेक्षकांना आत येऊ देत नव्हते म्हणून चुन्याची रेघ ओढली होती. मामा रेघेपाशी उभा होता. मला रडताना बघून हा माणूस आजवर कधी जागेवर थांबलेला नाही. माझा गुडघा फुटला की तो भात सोडून उठतो. त्यानं एक पाय उचलला तो मी बघितला. मी मान हलवली. नाही.

त्यानं पाय खाली ठेवला. रेघेच्या बाहेरच. हात पाठीमागे बांधले आणि इतके घट्ट धरले की त्याचे खांदे वर आले.

मी बाहीनं नाक पुसलं आणि पुन्हा वर फेकली. या वेळी डिस्क टोपलीच्या पुढ्यात पडली. मग टाकली. साखळ्या वाजल्या आणि डिस्क आत राहिली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवण्यासारखं काय होतं त्यात?

"किती?" जुईनं हळूच विचारलं. तिला माहीत होतं. मी कमी सांगितलं असतं तरी ती भांडली नसती, ते तिच्या चेहऱ्यावरच दिसत होतं.

"सात," मी म्हणाले. आणि मग मोठ्यानं, रेघेपर्यंत जाईल असं, "सात!"

"सात," ती म्हणाली आणि लिहिलं.

इंटरमीडिएटमध्ये मी शेवटून दुसरी आले. शेवटच्या दादानं पाय मुरगळल्यामुळे निम्म्यातच सोडलं होतं, त्यामुळे शेवटून पहिलीच म्हणा. दुपारी सगळे शाळेच्या पायऱ्यांवर बसलो. मामानं वडापाव आणला. आदल्या संध्याकाळपासून मी त्याच्याशी बोलले नव्हते, पण वडापाव गरम होता.

"चटणी कमी आहे," मी म्हणाले.

मामाच्या चेहऱ्यावर असं काही हसू आलं, की जणू मी त्याला आख्खं मैदान बक्षीस दिलं होतं.

पल्लवीताईंनी नॉव्हिसचा निकाल आधी सांगितला. पहिले आले ते एक रेवडेकाका, पोस्टातून रिटायर झालेले, डोक्याला रुमाल बांधलेला. त्यांनी दोन्ही हातांनी कप घेतला आणि तो कुठं धरायचा ते न कळून पोटाशी धरला. त्यांची बायको फोन उलटा धरून फोटो काढत होती. ताईंनी त्यांचा आकडा वाचला.

माझ्यापेक्षा चार फेकी जास्त.

मामानं घास तोंडाशी थांबवला. त्याचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरायला लागला. एकदा फिरला, मग खात्री करायला पुन्हा फिरला. मग त्यानं माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं.

"बोलू नकोस," मी म्हणाले.

"मी कुठं बोललो?"

"बोलणार होतास."

"मी म्हणणार होतो, चटणी आणू का."

"मामा, टाळ्या वाजव."

त्यानं वडापाव मांडीवर ठेवला. मग आम्ही दोघांनी रेवडेकाकांसाठी टाळ्या वाजवल्या. मी जरा जास्तच जोरात.